स्त्री-आरोग्य : चिकित्साचाचण्या व मार्गदर्शक तत्त्वे

एखादे औषध, लस, शस्त्रक्रिया किंवा तपासणीची रीत माणसाला खरोखर उपकारक ठरते की नाही, हे पाहण्यासाठी ती काही व्यक्तींना देऊन व तशाच इतर व्यक्तींना प्रचलित उपचार देऊन दोन्ही गटांतील परिणामांची जी नियोजित तुलना करतात, तिला चिकित्साचाचणी म्हणतात. अशा अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तोलून विशिष्ट परिस्थितीत वैद्याने, परिचारिकेने वा आरोग्यसेविकेने काय करावे याविषयी अधिकृत संस्था जी शिफारस करते, तिला मार्गदर्शक तत्त्व ही संज्ञा आहे. जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकारचे आरोग्य मंत्रालय, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि प्रसूतितज्ञांच्या राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय संघटना अशी तत्त्वे प्रसिद्ध करतात.

चाचणी आणि मार्गदर्शक तत्त्व यांचे प्रश्न मात्र वेगळे असतात. ‘या गोळीने गुण येतो का?’ हा चाचणीचा प्रश्न, तर ‘ही गोळी कोणी, कोणाला, कोठे द्यावी?’ हा मार्गदर्शक तत्त्वाचा प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर आकड्यांत मिळते. दुसऱ्याच्या उत्तरात आकड्यांबरोबरच रस्ते, वीज, शीतपेटी, प्रशिक्षित माणसे व खर्च यांचाही हिशेब करावा लागतो. स्त्री-आरोग्याच्या क्षेत्रात हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. गर्भवती, प्रसूत होणारी किंवा कर्करोगाच्या पूर्वतपासणीसाठी आलेली स्त्री बहुधा आजारी नसते; तिच्यावर केलेला उपाय निरुपयोगी ठरला तर केवळ वेळ व पैसा वाया जातो असे नव्हे, तर निरोगी शरीराला अपाय होण्याचा संभव असतो. गर्भवतीच्या बाबतीत तर एकाच निर्णयाचा परिणाम दोन जीवांवर होतो.

या विषयातील काही निर्णायक चाचण्या बेळगाव, उस्मानाबाद, बार्शी, मुंबई व नागपूर या परिसरांत झाल्या असून तेथील निष्कर्षांमुळे जगभरच्या मार्गदर्शक तत्त्वांत बदल घडून आले. त्यांचा वृत्तांत पुढे दिला आहे.

चाचणीचे स्वरूप : चाचणीतील व्यक्तींची गटांत विभागणी यादृच्छिक रीतीने, म्हणजे नाणेफेकीसारख्या केवळ योगायोगावर अवलंबून असलेल्या पद्धतीने केली जाते. त्यामुळे वय, पोषण, आर्थिक स्थिती इ. ज्ञात आणि अज्ञात घटक दोन्ही गटांत सारखेच विभागले जातात व शेवटी दिसणारा फरक उपचाराचाच मानता येतो. शक्य असेल तेथे तुलनेच्या गटाला प्लासिबो, म्हणजे औषधी द्रव्य नसलेली पण दिसायला तशीच असलेली गोळी देतात. गोळी कोणती हे घेणारीला व देणारीलाही माहीत नसते. काही प्रश्नांसाठी व्यक्तींऐवजी संपूर्ण गावांची किंवा वस्त्यांची विभागणी करावी लागते. तपासणी-मोहिमांच्या चाचण्या बहुधा अशा समूह-पद्धतीच्या असतात.

यशाचा निकष आधीच ठरवावा लागतो. मातामृत्यू हा सर्वांत खरा निकष असला, तरी मृत्यू ही संख्येने विरळ घटना असल्याने तिच्यातील फरक दाखविण्यास लक्षावधी स्त्रियांची चाचणी लागेल. म्हणून रक्तस्रावाचे प्रमाण, रक्तदाब, विषाणूचा चिवट संसर्ग यांसारखे पर्यायी निकष वापरतात. मार्गदर्शक तत्त्वांविषयीचे बहुतेक वाद या पर्यायी निकषांच्या विश्वसनीयतेवरूनच होतात.

रूढीकडून पुराव्याकडे : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रसूतिशास्त्रातील पुष्कळसे उपचार ज्येष्ठ वैद्यांच्या अनुभवावर आधारलेले होते. त्याचे दुष्परिणाम दाखविणारे ठळक उदाहरण म्हणजे डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीहॉर्मोन होय. गर्भपात टाळण्यासाठी ते अमेरिकेत १९४० नंतर सर्रास दिले जाई. त्याचा काही उपयोग होत नाही, हे शिकागो येथील चाचणीने १९५३ मध्ये दाखविले. तरीही वापर चालूच राहिला. या औषधाच्या काळात गर्भात वाढलेल्या मुलींना तरुणपणी योनिमार्गाचा एक विरळ कर्करोग होतो असे १९७१ मध्ये आढळल्यावरच अमेरिकेतील नियामकांनी गर्भावस्थेत ते देऊ नये असे बजावले. चाचणीचा निष्कर्ष हाती असूनही तो आचरणात येण्यास अठरा वर्षे लागली, ही बाब मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करणाऱ्या यंत्रणेची गरज पुरेशी स्पष्ट करते.

रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या हॉर्मोनांचा इतिहासही असाच आहे. ही हॉर्मोने घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असे निरीक्षणात्मक अभ्यासांवरून मानले जाई. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर केलेली मोठी यादृच्छिक चाचणी २००२ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. कारण ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले आढळले. हॉर्मोने स्वतःहून घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीत व आरोग्याविषयी अधिक दक्ष होत्या, हे पूर्वीच्या दिशाभुलीचे एक प्रमुख कारण होते.

पुराव्याचे तोलन : जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी तज्ञांच्या मतांवरच जास्त विसंबतात, अशी टीका झाल्यानंतर संघटनेने २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांच्या छाननीसाठी स्वतंत्र समिती नेमली. ‘ग्रेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीनुसार पुराव्याची विश्वसनीयता उच्च, मध्यम, अल्प व अत्यल्प अशा चार पायऱ्यांत ठरवितात. शिफारस मात्र केवळ त्या पायरीवरून ठरत नाही. लाभ व अपाय यांचा तोल, स्त्रियांची स्वतःची पसंती, खर्च, सेवेची समन्यायी उपलब्धता आणि व्यवहार्यता यांचाही विचार होतो व त्यानुसार शिफारस ठाम की सशर्त हे निश्चित होते. सशर्त शिफारशीतील अटी हाच तिचा गाभा असतो. व्यवहारात मात्र शिफारस पुढे जाते आणि अटी कागदावरच राहतात.

प्रसूतिपश्चात रक्तस्राव : मूल जन्मल्यानंतर वार सुटते त्या जागेवरील रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशयाचे स्नायू जोराने आकसून त्यांची तोंडे दाबली गेली म्हणजे रक्त थांबते. स्नायू शिथिल राहिल्यास काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, मृत्यू ओढवतो. ५०० मिलि. किंवा अधिक रक्त जाणे ही या विकाराची दीर्घकाळ रूढ असलेली व्याख्या होय. प्रतिबंधासाठी जन्मानंतर लगेच ऑक्सिटोसीन या हॉर्मोनाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) देतात. ते २° ते ८° से. तापमानात ठेवावे लागते व टोचण्यासाठी प्रशिक्षित हात लागतो.

मिसोप्रोस्टॉल ही मूळची जठरव्रणावरील गोळी. तिनेही गर्भाशय आकसते, ती तोंडाने घेता येते व तिला शीतपेटी लागत नाही. या दोन औषधांची तुलना जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांतील रुग्णालयांत सुमारे १८,५०० स्त्रियांवर केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार १,००० मिलि. किंवा त्याहून जास्त रक्तस्राव मिसोप्रोस्टॉल घेतलेल्यांपैकी ४ टक्के, तर ऑक्सिटोसीन घेतलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांत झाला. ऑक्सिटोसीन श्रेष्ठ, हा त्याचा सरळ अर्थ; आणि रुग्णालयापुरता तो आजही खरा आहे.

परंतु रुग्णालयाबाहेर काय? कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावड्यासारख्या ठिकाणाचा विचार केल्यास हा प्रश्न स्पष्ट होतो. कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे ५५ किमी.वर सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले हे तालुक्याचे ठिकाण करूळ व भुईबावडा या घाटांच्या तोंडाशी आहे. जिल्ह्यातील सर्वांत अधिक पाऊस याच तालुक्यात पडतो. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३५ हजार असून ती डोंगरउतारांवरील लहान गावांत व वाड्यांत विखुरलेली आहे. पावसाळ्यात कुंभी नदीचे पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आले म्हणजे कोल्हापूरकडील वाहतूक थांबते. घाटात दरड कोसळल्यास कोकणाकडील वाटही बंद होते. अशा भागात वीज गेलेल्या उपकेंद्रात किंवा वाटेतच प्रसूती झाली, तर तुलना ऑक्सिटोसीन व मिसोप्रोस्टॉल यांच्यात उरत नाही. ती मिसोप्रोस्टॉल आणि काहीच नाही यांच्यात असते. रुग्णालयातील चाचणी कितीही मोठी असली, तरी या दुसऱ्या तुलनेचे उत्तर तिच्यातून मिळू शकत नाही.

हे उत्तर कोल्हापूरला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यातून मिळाले. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील संशोधकांच्या सहकार्याने सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत १,६२० स्त्रियांवर चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात झालेल्या या प्रसूती डॉक्टरांनी नव्हे, तर २५ साहाय्यक परिचारिका-प्रसाविकांनी केल्या. गोळ्या देण्याचे व रक्त मोजण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. ८१२ स्त्रियांना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल व ८०८ स्त्रियांना प्लासिबो देण्यात आले. प्रसूतिपश्चात रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६·४ टक्क्यांवर आणि तीव्र रक्तस्रावाचे १·२ टक्क्यांवरून ०·२ टक्क्यांवर आले. दर अठरा स्त्रियांना गोळ्या दिल्यास एकीचा रक्तस्राव टळतो, असा याचा हिशेब होतो. थंडी वाजणे व ताप येणे हे दुष्परिणाम आढळले, पण ते तात्पुरते होते. निष्कर्ष २००६ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढील वाटचाल सावध होती. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिपश्चात रक्तस्रावाच्या प्रतिबंधासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. २०१२ च्या तत्त्वांत, जेथे प्रशिक्षित प्रसूतिसेवक नाही व ऑक्सिटोसीन उपलब्ध नाही, तेथे गावपातळीवरील आरोग्यसेवकांनी ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या द्याव्यात अशी शिफारस आली. भारत सरकारने २०१३ मध्ये, घरी प्रसूती होण्याचा संभव असलेल्या भागांत या गोळ्यांच्या वाटपासाठी कार्यपद्धती ठरवून दिली. हेच औषध गर्भपातासाठीही वापरले जात असल्याने त्याचे वाटप व नोंद यांवर कडक देखरेख आवश्यक मानली गेली.

या निर्णयावर आक्षेपही घेण्यात आले. गोळ्यांमुळे मातामृत्यू कमी होतात, असे सिद्ध करण्याइतकी मोठी चाचणी झालेलीच नाही. मोजले गेले ते फक्त रक्त, असे काही संशोधकांचे म्हणणे होते. आक्षेप तर्काला धरून आहे. मात्र तो पूर्णपणे मान्य केल्यास, जेथे मृत्यू सर्वांत जास्त होतात अशाच दुर्गम भागांतील स्त्रियांना अनिश्चित काळ काहीही न देता थांबावे लागले असते. तत्त्वकर्त्यांनी लाभाची संभाव्यता ग्राह्य धरली आणि शिफारशीला जागेची अट घातली.

आणखी एक बाब चाचणीच्या अहवालात ठळकपणे येत नाही, पण घाटमाथ्यावर तिचे महत्त्व मोठे आहे. मिसोप्रोस्टॉलला उष्णतेपेक्षा दमट हवेची बाधा अधिक होते. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे वेष्टन नसेल, तर गोळीतील औषध कालांतराने निकामी होते. महिनोन्महिने ओल न हटणाऱ्या प्रदेशात वेष्टनाचा प्रकार हा खरेदी-विभागाचा तपशील राहत नाही; उपचाराचे यश त्याच्यावर अवलंबून असते.

बेळगावच्या चाचणीतून एक उपफलही निघाले व कदाचित तेच अधिक टिकाऊ ठरेल. घरगुती प्रसूतीत रक्त किती गेले, हे डोळ्यांनी पाहून अंदाजाने ठरविण्याची रीत होती. चाचणीसाठी ती पुरेशी नव्हती. म्हणून प्रसूत स्त्रीच्या कमरेखाली अंथरावयाचे व खाली नरसाळ्यासारखी, मापाच्या रेघा असलेली पिशवी जोडलेले प्लॅस्टिकचे वस्त्र तयार करण्यात आले. त्याच्या मापाशी तुलना करता डोळ्यांनी केलेला अंदाज सुमारे एकतृतीयांशाने कमी भरतो असे आढळले. रक्तस्राव ओळखण्यास उशीर का होतो, याचे हे एक साधे स्पष्टीकरण होते.

अशा मापांकित वस्त्राचा उपयोग करून केन्या, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर समूह-चाचणी झाली. रक्तस्राव वेळीच ओळखून गर्भाशयाचे मर्दन, आकुंचक औषध, ट्रॅनेक्झॅमिक अम्ल, शिरेतून द्रव व तपासणी हे सर्व उपाय एकामागून एक न करता एकदमच करावयाचे, ही तिची योजना होती. २०२३ मधील निष्कर्षानुसार तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी उदरशस्त्रक्रिया किंवा त्यामुळे होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४·३ टक्क्यांवरून १·६ टक्क्यांवर उतरले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मापांकित वस्त्राची शिफारस केली. २०२५ मधील तत्त्वांनी तर रूढ व्याख्येलाच हात घातला : ५०० मिलि.ची वाट न पाहता, ३०० मिलि. रक्त गेले असून नाडी, रक्तदाब इ. लक्षणांत बिघाड असेल तर उपचार सुरू करावेत, असे त्यांत सांगितले आहे.

दरम्यान परिस्थितीही पालटली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्य केंद्रांत झाल्या. राज्याचे मातामृत्यूचे प्रमाण २०१८–२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. भारताचे ९७ होते. घरगुती प्रसूतीसाठी आखलेल्या शिफारशीचे क्षेत्र त्यामुळे आकुंचित झाले असले, तरी नाहीसे झालेले नाही. [→ प्रसूतिविज्ञान].

गर्भाशय-ग्रीवेचा कर्करोग : हा कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या चिवट संसर्गामुळे होतो व पूर्वावस्थेत ओळखल्यास तो टाळता येतो. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी कोशिका-परीक्षा, म्हणजे पॅप परीक्षा, दर काही वर्षांनी करतात. तिला प्रयोगशाळा, प्रशिक्षित कोशिकातज्ञ व स्त्रीची पुनःपुन्हा भेट या तिन्ही गोष्टी लागतात. ग्रामीण भारतात त्या नव्हत्या. म्हणून ‘कोणती परीक्षा अचूक?’ यापेक्षा ‘जन्मात एकदाच तपासणी होणार असेल तर कोणत्या परीक्षेने मृत्यू कमी होतात?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

तो प्रश्न उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात विचारला गेला. मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र, बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या या चाचणीत ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत यादृच्छिक विभागणी केली : विषाणू-परीक्षा, कोशिका-परीक्षा, ॲसिटिक अम्ल लावून डोळ्यांनी केलेली परीक्षा आणि प्रचलित सेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर विषाणू-परीक्षेच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने मरण पावल्या. तुलनेच्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन परीक्षांनी मात्र मृत्यूत लक्षणीय घट झाली नाही. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी विषाणू-परीक्षेच्या शिफारशीला भक्कम आधार पुरविला आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीस वर्षांवरील सर्वसाधारण स्त्रियांसाठी, दर पाच ते दहा वर्षांनी, हीच प्राथमिक परीक्षा म्हणून सुचविली.

भारत सरकारच्या २०१६ च्या कार्यचौकटीत मात्र ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ॲसिटिक अम्लाची परीक्षा निवडलेली आहे. उस्मानाबादेत जी निष्प्रभ ठरली तीच देशात स्वीकारली गेली, ही वरकरणी विसंगती वाटते. तिचे स्पष्टीकरण इतर दोन चाचण्यांत आहे. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात प्रशिक्षित परिचारिकांनी केलेल्या याच परीक्षेने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा केंद्राने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या चाचणीत ही घट ३१ टक्के होती. मुंबईत परीक्षा करणाऱ्या वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण शालेय शिक्षण झालेल्या व यासाठी खास शिकवून तयार केलेल्या स्त्रिया होत्या आणि दर दोन वर्षांनी तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या. उस्मानाबादेत फेरी एकच होती. डोळ्यांनी करावयाची परीक्षा पाहणाऱ्याच्या सरावावर व फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते, हा या तिन्हींचा एकत्रित अर्थ. विषाणू-परीक्षेचा खर्च व प्रयोगशाळांची उणीव ध्यानात घेता निवड समजण्यासारखी आहे. मात्र ‘दर पाच वर्षांनी’ ही अट पाळली न गेल्यास तिचा आधारच निसटतो.

या चाचण्यांच्या नैतिक बाजूवर तीव्र वाद झाला. तुलनेच्या गटांतील स्त्रियांची तपासणी चाचणीच्या काळात झाली नाही व त्यांपैकी काही कर्करोगाने मरण पावल्या. तपासणी उपयुक्त असते हे जगाला माहीत असताना असा गट ठेवणे अयोग्य होते, असे टीकाकारांचे मत. देशात प्रत्यक्षात कोणतीच तपासणी होत नसल्याने ‘प्रचलित सेवा’ म्हणजे हीच स्थिती होती व तिच्याशी तुलना केल्याशिवाय शासनाला धोरण ठरविता आले नसते, असे संशोधकांचे उत्तर. दोन्ही बाजूंचे म्हणणे नोंदवूनही एक गोष्ट शिल्लक राहते : ज्यांच्या मृत्यूंच्या संख्येवरून जगाचे मार्गदर्शक तत्त्व ठरले, त्या स्त्रिया जेथील होत्या त्या गावांना त्या तत्त्वाचा लाभ सर्वांत आधी मिळावयास हवा होता, तसे घडलेले नाही.

लशीच्या बाबतीत पुरावा अनपेक्षित मार्गाने हाती आला. विषाणूवरील लशीच्या दोन व तीन मात्रांची तुलना करण्यासाठी २००९ मध्ये भारतातील नऊ केंद्रांत, त्यांत बार्शी, पुणे व मुंबई ही होती, १० ते १८ वर्षे वयाच्या मुलींची चाचणी सुरू झाली. आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका वेगळ्या लसीकरण-प्रकल्पावरून वाद उद्‌भवल्याने केंद्र शासनाने एप्रिल २०१० मध्ये सर्वच काम थांबविले. परिणामी सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी पाठपुरावा सोडला नाही. एका मात्रेचा चिवट संसर्गाविरुद्धचा प्रभाव सुमारे ९५ टक्के असून तो टिकून राहतो, असे २०२१ मध्ये दिसून आले. हे गट यादृच्छिक राहिले नव्हते, हा या पुराव्याचा दोष. तो केन्यातील यादृच्छिक चाचणीने भरून काढला. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २० वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी एक मात्रा हा पर्याय मान्य केला. [→ कर्करोग].

नागपूर येथील चाचण्या : गर्भावस्थेतील तीव्र रक्तदाबावर शिरेतून औषध देऊन सतत लक्ष ठेवणे अनेक रुग्णालयांना शक्य नसते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व डागा स्मृती रुग्णालयात ८९४ स्त्रियांवर निफेडिपीन, लॅबेटॅलॉल व मेथिलडोपा या तोंडाने घ्यावयाच्या तीन औषधांची तुलना करण्यात आली (२०१९). तिन्ही उपयुक्त ठरली. निफेडिपिनाने ८४ टक्के, तर मेथिलडोपाने ७६ टक्के स्त्रियांत इष्ट परिणाम साधला.

उलट निष्कर्ष : अकाली प्रसूतीचा संभव असलेल्या स्त्रीला स्टेरॉइडाचे अंतःक्षेपण दिल्यास अर्भकाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे न्यूझीलंडमध्ये १९७२ पासून ज्ञात आहे व श्रीमंत देशांत तो सर्वमान्य उपचार आहे. मग तो खेड्यापर्यंत का नेऊ नये, या विचाराने बेळगाव व नागपूर यांसह सहा देशांतील सुमारे एक लाख जन्मांवर समूह-चाचणी झाली. २०१५ मधील निष्कर्षाने सर्वांना धक्का बसला. अगदी कमी वजनाच्या अर्भकांचे मृत्यू घटले नाहीत. एकूण नवजात मृत्यूंचे प्रमाण, ज्या समूहांत स्टेरॉइडाचा प्रसार केला तेथे दर हजारी २७·४, तर इतरत्र २३·९ निघाले. मातांमधील जंतुसंसर्गाची शंकाही तेथे अधिक होती. गर्भाचे वय नीट ठाऊक नसल्याने ज्यांना गरज नव्हती अशा पुष्कळ स्त्रियांना औषध मिळाले, हे त्याचे एक संभाव्य कारण मानतात. भारत सरकारने त्याच्या आदल्याच वर्षी परिचारिका-प्रसाविकांना रुग्णालयात पाठवण्यापूर्वीची पहिली मात्रा देण्याची मुभा दिली होती.

नंतर भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत, जेथे गर्भाचे वय श्राव्यातीत ध्वनितरंगांनी (सोनोग्राफीने) ठरविता येत होते व नवजात अर्भकांची काळजी घेण्याची सोय होती तेथे, नवी चाचणी झाली. २०२० मधील तिच्या निष्कर्षानुसार स्टेरॉइड दिलेल्यांत नवजात मृत्यू १९·६ टक्के, तर प्लासिबो दिलेल्यांत २३·५ टक्के होते. औषध तेच, फरक जागेचा. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीत गर्भवयाची खात्री, जंतुसंसर्गाचा अभाव, सात दिवसांत प्रसूती होण्याची दाट शक्यता आणि माता व अकाली जन्मलेले मूल या दोघांच्या शुश्रूषेची सोय या अटी औषधाइतक्याच ठळकपणे मांडलेल्या आहेत. घाटमाथ्यावरील उपकेंद्राच्या दृष्टीने या तत्त्वाचा व्यावहारिक अर्थ, गर्भवतीची सोनोग्राफी सुरुवातीच्या महिन्यांतच करून घेणे आणि अकाली कळांची लक्षणे दिसताच, रस्ता चालू असेतोवर, तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचविणे असा होतो.